दिवाळीच्या सुट्टीत सात दिवस गावात: सोलापूर जिल्ह्यात श्रमदान शिबिर कसं उभं करावं

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका युनिटमध्ये १०० स्वयंसेवक असतात आणि त्यातल्या निम्म्यांनी सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं असतं. म्हणजे ५० मुलंमुली, त्यांच्यासोबत कार्यक्रम अधिकारी, एखाद्-दोन शिक्षक, स्वयंपाकाचे दोघं. एकूण ५५ माणसं. पुढचे सगळे हिशोब या ५५ जणांवर आहेत. योजनेबाहेरचा एखादा मित्रांचा गट २० जणांनी जाणार असेल तर त्याच प्रमाणात आकडे कमी करावेत. पाहणी, परवानगी आणि औषधाची पेटी मात्र जशीच्या तशी ठेवावी.

शिबिर बिघडतं ते बहुतेक वेळा जाण्याआधीच बिघडलेलं असतं. चुकीचं गाव, चुकीचा महिना, नाहीतर सात दिवसांत न संपणारं काम. या तीन गोष्टी जुळल्या की बाकीच्या चुका जागेवर निस्तरता येतात.

गाव आणि महिना

जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ. त्यामुळे कुठल्याही कॉलेजातून शिबिराचं गाव एका दिवसात पाहून परत येता येतं. तरीही गाव न बघता, कुणाच्या तरी ओळखीवर ठरवलं जातं. असं करू नका. तीन फेऱ्या धरा: पहिली शिबिराच्या सहा आठवडे आधी, दुसरी तीन आठवडे आधी, तिसरी तीन दिवस आधी.

पहिल्या फेरीत एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात या गावाला टँकर लागतो का? लागत असेल तर उन्हाळी सुट्टीत तिथे जाऊ नका. ५५ माणसांना पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ आणि संडास धरून माणशी ४० लिटर पकडलं तरी रोज २,२०० लिटर पाणी लागतं. ज्या गावात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात तिथे जलसंधारणाच्या घोषणा देत आपण रोज दोन हजार लिटर संपवायचे, हे गावाला दिसतं. कुणी तोंडावर बोलत नाही इतकंच.

म्हणून आमचं मत दिवाळीच्या सुट्टीच्या बाजूने आहे. परतीचा पाऊस संपलेला असतो, विहिरींना पाणी असतं, ओढ्यात थोडी धार असते आणि ऊन सोसवतं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांच्या घरात सहज जातो. तेव्हा सकाळी साडेनऊनंतर नवख्या मुलांच्या हातात टिकाव देणं धोक्याचं.

दिवाळीतही एक अडचण सांभाळावी लागते. पाडव्यापासून दहा दिवसांवर कार्तिकी एकादशी येते. तिच्या आगेमागे पंढरपूर, मंगळवेढा आणि मोहोळ या पट्ट्यात एसटी, पोलीस आणि आरोग्य खातं सगळं वारीत गुंतलेलं असतं. त्या आठवड्यात शिबिर धरायचं तर अक्कलकोट, दक्षिण सोलापूर किंवा बार्शीकडचं गाव बघा. जानेवारीत घ्यायचं असेल तर संक्रांतीचा आठवडा सोडा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सोडून शहरातली मुलं येणार नाहीत, आणि आली तरी मन तिकडेच असेल.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच गावांत घरात कानडी बोलली जाते. दहा जणांच्या प्रत्येक गटात कानडी येणारे निदान दोघं असू द्या. बाकीच्यांनी “ऊटा आतेन्री?”, म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारायला शिकलं तरी म्हातारी माणसं दारातून आत बोलावतात.

काम एकच, संपणारं

सात दिवसांतला पहिला आणि शेवटचा दिवस कामाचा नसतो. हाती उरतात पाच सकाळी, प्रत्येकी तीन तास. स्वयंपाकाची पाळी आणि आजारी वजा केले तर कामावर ४० जण असतात. तेवढ्यात काय उरकतं ते आधी कागदावर मांडा.

वृक्षारोपण यात बसत नाही. नोव्हेंबर किंवा मे महिन्यात सोलापुरात लावलेलं रोप फोटोपुरतं जगतं. सुट्टीत फार तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे घेऊन ठेवा आणि जूनच्या पावसानंतर एक दिवस रोपं लावायला परत जा. शाळा रंगवणं सोपं वाटतं, पण ओल धरलेल्या भिंतीवरचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्याने निघतो. आधी गळती कुठे आहे ते बघा.

दिवाळीसाठी सर्वांत चपखल काम म्हणजे वनराई बंधारा. ओढ्यात वाहणारं शेवटचं पाणी रिकाम्या पोत्यांत माती भरून अडवायचं. सिमेंट नाही, मशीन नाही, आणि शेवटच्या दिवशी पाणी साठलेलं डोळ्यांनी दिसतं.

जागा अशी निवडा: ओढा सरळ वाहतो, दोन्ही काठ निदान दीड मीटर उंच आणि घट्ट आहेत, पात्राची रुंदी पाच ते आठ मीटर आहे. वळणावर बांधू नका, पाणी बाहेरचा काठ पोखरतं. वरच्या बाजूला कुणाचं शेत किंवा पायवाट पाण्याखाली जाते का ते त्या शेतकऱ्याला सोबत घेऊनच बघा. बंधारा एक मीटरच्या आसपास ठेवा. उंची वाढवायचा मोह चौथ्या दिवशी होतो, तो आवरायचा.

पोत्यांचा हिशोब: लांबी ६ मीटर, उंची १ मीटर, तळाची रुंदी २ मीटर आणि माथ्याची १ मीटर. सरासरी रुंदी दीड मीटर, म्हणजे ९ घनमीटर. पाऊण भरून आडवं टाकलेलं पोतं साधारण ५५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १२ जाड होतं. अशी ३४० पोती लागतात. फाटकी निघणारी धरून ४०० गोळा करा. ही जमवाजमव दुसऱ्या फेरीपासूनच सुरू व्हायला हवी, कारण एका बांधकामावर एकदम ४०० पोती मिळत नाहीत. सिमेंटची पोती झटकून, उन्हात न ठेवता, सावलीत गठ्ठे बांधून ठेवा. महिनाभर उन्हात पडलेलं पोतं उचलताच हातात फाटतं. खताची पोती जास्त टिकतात. ती मात्र ओढ्यात न धुता आधीच धुऊन आणा.

बांधण्याचा क्रम बदलू नका.

कामाच्या पहिल्या दिवशी पात्रातली वाळू, गाळ, पालापाचोळा काढून कठीण तळ उघडा करायचा. हे काम कुणालाच आवडत नाही, दिसतही नाही. पण बंधारा फसतो तो इथेच. वाळूवर ठेवलेल्या पोत्यांखालून पाणी वाट काढतं आणि दोन दिवसांत बंधाऱ्यापुढे कोरडं, मागे कोरडं. त्याच दिवशी दोन्ही काठांत निदान अर्धा मीटर आत खाच घ्या. पोत्यांची रांग काठात शिरली नाही तर पाणी कडेने फिरून काठच खातं.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भरणं आणि रचणं. तिघांची जोडणी करा: एक पोतं धरतो, एक भरतो, एक दाभण-सुतळीने तोंड शिवतो. पोतं पाऊणच भरायचं. गच्च भरलेली पोती गोल राहतात, एकमेकांवर बसत नाहीत आणि फटी पडतात. पाऊण भरलेलं पोतंही ३५-४० किलोचं असतं. त्यामुळे ते दोघांनी उचलायचं किंवा साखळी करून सरकवायचं, एकट्याने पाठीवर नाही. पहिल्या थराची पोती प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे लांबी पाण्याच्या वाटेवर, आणि पुढचा थर आडवा. वीटकामात जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तसंच इथेही. शिवलेलं तोंड पाण्याच्या उलट बाजूला. प्रत्येक थर झाला की फटींत चिकट काळी माती ठासायची आणि वर चालून दाबायचं. माती वरच्या बाजूच्या पात्रातून उचला, काठ कोरून काढू नका. पात्र खोल होतं तेवढंच पाणी जास्त साठतं. निव्वळ वाळू भरलेल्या पोत्यातून पाणी झिरपत राहतं, म्हणून मुरुम-माती बरी.

पाचव्या दिवशी पाण्याकडच्या बाजूला काळ्या मातीचा जाड लेप, तळाशी जास्त. मधली दीड-दोन मीटर रुंदी कडेच्या पोत्यांपेक्षा १५-२० सेंटिमीटर खाली ठेवलेली असली पाहिजे. जादा पाणी तिथूनच सांडायला हवं. सांडव्याच्या खाली, पाणी पडतं त्या जागी मोठे दगड रचा.

उन्हाळ्यातच शिबिर घ्यावं लागलं आणि गावाला पाणी असलं, तर माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे चर घ्या. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल, म्हणजे एका मीटरला ०.१८ घनमीटर खोदाई. मुरुमात नवखं पोरगं तीन तासांत दोन मीटरच्या पुढे सहसा जात नाही. ४० जणांचे रोज ८० मीटर, पाच दिवसांत ४००. गावाला सांगताना ३०० सांगा. आखणी ‘ए’ फ्रेमने करा: दोन सारख्या लांबीच्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून ओळंबा. पाय अदलाबदल करून दोरी पट्टीवर जिथे जिथे येते त्या दोन खुणांचा मध्य काढला की फ्रेम बरोबर झाली. ही अदलाबदल केली नाही तर सगळी आखणी एका बाजूला उतरते आणि चरात पाणी थांबण्याऐवजी वाहतं. समपातळीची रेघ फक्कीने मारा, निघालेली माती उताराच्या बाजूला, चराच्या काठापासून २०-३० सेंटिमीटर सोडून टाका. काठालाच टाकलेली माती पहिल्या सरीत परत चरात येते. हे काम मुरमाड उताराचं आहे. सपाट काळ्या रानात चर खणू नका. ती माती उन्हात भेगाळते आणि बांध फुटतात. उत्तर सोलापुरात नान्नजकडे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. त्या भागातलं माळरान मोकळं दिसलं म्हणून टिकाव लावायचा नाही. वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि झाडं-चरांनी भरलेलं माळ माळढोकाच्या कामाचंही नाही.

तिसरा पर्याय शोषखड्ड्यांचा. मोरीचं पाणी रस्त्यावर वाहणाऱ्या गावात हे काम घरोघरी दिसतं. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा. तळाला मोठे दगड, मग मध्यम, वर बारीक खडी, आणि पाणी शिरतं तिथे कचरा अडवायला भोकं पाडलेलं मडकं किंवा डबा. सहा जणांना दोन सकाळी लागतात. सोलापूरच्या काळ्या मातीत मात्र मीटरभर खणून दगड भरले तर खड्डा महिनाभरात तुंबतो, कारण काळी माती पाणी पीत नाही. मुरुम लागेपर्यंत खाली जा. मुरुम फार खोल असेल तर ते घर सोडा. विहीर किंवा बोअरपासून १५ मीटर लांब.

कागद

प्राचार्यांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, मुक्कामाच्या जिल्हा परिषद शाळेसाठी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला माहितीचं पत्र, प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांचं संमतीपत्र. संमतीपत्रावर रक्तगट, चालू औषधं आणि ॲलर्जी यांचे रकाने असू द्या. काम ज्याच्या जमिनीवर त्याची सही वेगळी: गायरान असेल तर ठरावातच गट नंबर लिहून घ्या, खासगी असेल तर शेतकऱ्याची, वन विभागाची असेल तर त्यांची. “सरपंच म्हणाले चालतंय” हा कागद नाही. तिसऱ्या दिवशी भाऊबंदकीतला दुसरा भाऊ बांधावर येऊन उभा राहतो आणि काम बंद पडतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागू होणार असेल तर ठराव आधीच करून घ्या आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं याचा पुन्हा विचार करा.

अनुदान शिबिराच्या आधी हातात पडेल या भरवशावर किराणा ठरवू नका. कॉलेजकडून उचल घ्या, पक्की बिलं गोळा करा आणि रोज रात्री खर्चाची वही दोघांच्या सहीने बंद करा.

मुक्काम

दुसऱ्या फेरीत शाळेच्या खोल्या नुसत्या बघू नका, उघडून बघा. संडासाला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, आत पाणी येतं का, दाराला आतून कडी आहे का. माणसं १५ तर एक संडास, या हिशोबाने चार लागतात आणि त्यातले दोन मुलींना राखून ठेवायचे. कमी असतील तर गावात कुणाचे वापरू देतात ते ठरवून घ्या. मुलींच्या खोलीला आतून कडी, बाहेर दिवा, जवळच स्त्री शिक्षिकेचा मुक्काम, आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची बादली व कागदी पिशव्या. शिक्षिका येणार नसतील तर मुलींना नेऊ नये. यात तडजोड नाही.

शेतीपंपाची थ्री फेज वीज गावात ठरावीक तासच असते आणि तिची पाळी कधी दिवसा, कधी रात्री येते. शाळेची टाकी ज्या विहिरीवरून भरते तिचा पंप या विजेवर असेल तर त्या आठवड्याचं वेळापत्रक वायरमनकडून लिहून घ्या. नाहीतर सकाळी सहाला ५५ माणसं दात घासायला उभी आणि टाकी रिकामी.

पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम. अंदाजाने मूठ टाकू नका. किराणा दुकानाच्या काट्यावर पुड्या बांधून घ्या. पुडी आधी बादलीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतून ढवळायची आणि अर्धा तास थांबून मग प्यायचं. ओली होऊन गोळे झालेली जुनी पावडर निरुपयोगी असते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे ओटी टेस्टचं, म्हणजे क्लोरीन तपासायचं द्रावण असतं. दोन थेंबांत पाणी पिवळसर झालं की क्लोरीन उरलेलं आहे.

जेवण

दुपारी भाकरी, संध्याकाळी भात-आमटी किंवा खिचडी ही विभागणी परवडते. भाकरी माणशी अडीच धरली तर एका वेळेला १४० लागतात. किलोभर ज्वारीच्या पिठात साधारण दहा भाकरी होतात, म्हणजे १४ किलो पीठ. एक बाई चुलीवर तासाला २५-३० भाकरी थापते, तेव्हा पाच जणी एक तास. हे काम गावातल्या बचत गटाला ठरलेल्या दराने द्या आणि पैसे रोजच्या रोज चुकते करा. “गावच्या बायका प्रेमाने करतील” असं सरपंच म्हणतील. प्रेमाने दोन दिवस होतं, तिसऱ्या दिवशी त्या बाईचा शेतातला रोजगार बुडतो.

बाकीचं एका दिवसाचं माप: तांदूळ साडेपाच किलो, तूरडाळ सव्वादोन किलो, नाश्त्याचे पोहे किंवा रवा साडेतीन-चार किलो, भाजी सात किलो, दोन वेळच्या चहाला दूध साडेपाच लिटर. सात दिवसांना १५ लिटर तेलाचा एक डबा होतो. १९ किलोचे तीन गॅस सिलिंडर बहुधा पुरतात, चौथा हाताशी ठेवा. घरगुती लाल सिलिंडर वापरू नका. भाजी गावातून, उरलेला किराणा निघण्याआधी सोलापूरच्या बाजारातून.

पाऊस आला, गॅस संपला, भाकरीवाल्या लग्नाला गेल्या, तर? दोन पोती कडक भाकरी आणि तीन किलो शेंगाचटणी सोबत असू द्या. दोन्ही आठवडाभर बिघडत नाहीत, वर दही घेतलं की एक वेळ निभावते.

प्रत्येकाने ताट, वाटी, तांब्या स्वतःचा आणायचा आणि स्वतःच धुवायचा. थर्माकोल-प्लास्टिकच्या पत्रावळी नेल्या तर शेवटी त्या गावच्या उकिरड्यावरच जातात. वाढताना शिक्षक आणि पाहुण्यांची वेगळी पंगत नको.

हत्यारं आणि हात

४० जणांना १५ टिकाव, १५ फावडी, २५ घमेली, चार पहारी. सगळ्यांच्या हातात टिकाव द्यायची गरज नाही. एक खणतो, एक ओढतो, दोघं वाहतात आणि दर २० मिनिटांनी बदलतात. हत्यारं कृषी विभाग किंवा ग्रामपंचायतीकडून मिळतील असं सांगतात. मिळाली तर छान, पण तिसऱ्या फेरीत मोजून बघा. अर्ध्या टिकावांचे दांडे हललेले असतात. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं. आदल्या रात्री टिकाव पाण्यात बुडवून ठेवले की दांडा फुगून घट्ट बसतो, तरीही दोन-तीन जादा दांडे आणि पाचरी ठेवा. निसटलेलं टिकावाचं पातं डोक्यात बसतं, पायावर नाही.

दोन खणणाऱ्यांमध्ये दोन मीटर अंतर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, घमेलेवाले मागून. चपलेवर कामाला उभं राहू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी हातांना फोड येतात. ते फोडू नका, सुती पट्टी लावून त्या मुलाला पोती शिवायला बसवा.

दगड हाताने उचलण्याआधी पहारीने उलटा. खाली विंचू असतो, कधी फुरसं. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. हात-पाय हलू न देता, माणसाला झोपवून, १०८ ला फोन करून थेट दवाखाना. म्हणूनच आधीच्या फेरीत आरोग्य केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचारा: सर्पदंशावरचं प्रतिविष (‘सापाची लस’ म्हणतात ते) आहे का आणि विंचूदंशावर दिलं जाणारं प्राझोसिन आहे का. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामानंतर विंचूदंशात हे औषध रुळलं. तिथे नसेल तर सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि रात्री किती वेळ लागतो, ते भिंतीवर लिहा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश जाणवतही नाही. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्या.

पेटीत ओआरएसची ५० पाकिटं, पट्ट्या, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, चिमटा. ओआरएस संपलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

आणि पाणी. शेततळं, विहीर, उजनीचं फुगवट्याचं पाणी, कुठेही पोहायला परवानगी नाही. पोहता येणाऱ्यालाही नाही. शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. उतरलेला माणूस दोन हातांवर काठ दिसत असूनही वर चढू शकत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही. पहिल्याच रात्री हे मोकळेपणाने सांगा, नियमांच्या कागदात पुरून ठेवू नका. दुपारच्या विश्रांतीत हजेरी घ्या, कारण मुलं पळतात ती याच वेळेला.

प्रवासाला एसटी आगारातून प्रासंगिक कराराची बस घ्या. टेम्पो किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलांना बसवू नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्यावर उभ्या असतात, तेव्हा अंधार पडण्याआधी गावात पोचेल अशी वेळ धरा.

दिवसभर

दिवाळीच्या थंडीत साडेपाचला उठणं, सहाला चहा-बिस्कीट, साडेसहा ते साडेनऊ श्रमदान, मग भरपेट नाश्ता. आंघोळी, साडेबाराला जेवण, दोनपर्यंत पडणं. अडीचला बौद्धिक, चारला गावात पाहणी, सातला जेवण, आठला कार्यक्रम, दहाला दिवे बंद. थंडीला चादर लागेल हे सोलापूरच्या मुलांना सांगावं लागत नसावं.

उद्घाटन सकाळी ठेवू नका. प्रमुख पाहुणे अकराला यायचे ते एकला येतात, हारतुरे होतात आणि पहिला दिवस जातो. संध्याकाळी सहाला, मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या पटांगणात, अर्ध्या तासात उरका. कुणाच्याही वाड्यात बैठक नको. गावात दोन गट असतातच. ज्याच्या ओट्यावर पहिल्या दिवशी चहा प्यायलात, त्याचेच तुम्ही ठरता.

बौद्धिकं पाचच्या वर नकोत. तीन तास माती उपसलेला मुलगा अडीच वाजता ऐकत नाही, झोपतो. कृषी सहायक, आरोग्यसेविका, गावातला एखादा डाळिंबवाला शेतकरी, ही माणसं पाहुण्या वक्त्यांपेक्षा जास्त देतात. रात्रीच्या कार्यक्रमात गावाला दारूबंदीचं नाटक दाखवण्याचा हट्ट कमी करा. एक रात्र गावच्या भजनी मंडळाला द्या आणि मुलांना पुढे बसवा.

घरोघरच्या पाहणीचा अर्ज बारा प्रश्नांचा. जात आणि उत्पन्न विचारू नका, लागतही नाही. पाहणी गावाच्या कडेच्या वस्तीपासून सुरू करा. वाड्यापासून सुरू केलेली पाहणी पाचव्या दिवशी वस्तीच्या अलीकडेच संपते. काय निघालं ते समारोपाला गावासमोर पाच मिनिटांत वाचून दाखवा, एक प्रत ग्रामपंचायतीला द्या.

मुलांना जाताना योजनेच्या प्रमाणपत्राचा हिशोबही स्पष्ट करा. दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम आणि एक विशेष शिबिर, दोन्ही लागतात. नुसतं शिबिर करून ते मिळत नाही. हजेरी म्हणून रोज सकाळी कामाच्या जागेवर घ्या, जेवणाच्या रांगेत नाही.

निघताना आणि नंतर

सातव्या दिवशी शाळेच्या खोल्या आणि संडास धुऊन, फळ्यावरचं पुसून, मुख्याध्यापकांच्या हातात किल्ली द्या आणि त्यांची सही घ्या. चुलीची राख आणि खड्डे बुजवा. किराणा, दूध, भाकरी, सगळ्यांची उधारी त्याच दिवशी शून्य. हत्यारं मोजून परत करा, दोन टिकाव कमी येणारच. त्याचे पैसे भरा, वाद घालू नका.

पंधरा दिवसांनी चार-पाच जण बंधारा बघून या. खालून पाझर दिसला तर पाण्याकडच्या बाजूला काळी माती टाकून पायाने तुडवा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतो. कडेने पाणी जात असेल तर तिथे पाच-सहा पोती आणखी लावावी लागतात, म्हणून उरलेली रिकामी पोती गावातच ठेवून या.

राहता राहिलं ते काम कुणीच करत नाही. वनराई बंधारा एका हंगामाचा असतो. उन्हात पोती विरतात आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात ३४० पोत्यांच्या चिंध्या ओढ्याने खालच्या गावाच्या शेतात जातात. मेअखेरीला ओढा कोरडा असताना १५ जणांनी जाऊन एका सकाळी पोती कापून माती पात्रातून बाहेर काठावर टाकायची, प्लास्टिक बांधून परत आणायचं. ती तारीख शिबिराच्या समारोपातच ठरवा आणि १५ नावं तिथेच लिहून घ्या. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची नावं घेऊ नका, मे महिन्यात ती कॉलेजात नसतात.